स्वयंपाकघरातली वाट

३ ऑक्टोबर

रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांबद्दल माझे मत चांगले नाही. ज्यांना काही सांगायचे असते त्या सांगून मोकळ्या होतात. मीही आज सांगून मोकळी झाले असते, पण ज्यांना सांगायचे ती सगळी माणसे माझ्या स्वयंपाकघरातून न थांबता निघून गेली.

वस्तुस्थिती नोंदवते. ऑल्डरशॉ पार्क ही आमच्या घराण्याची जागा. पपांनी ती नगरपालिकेला देऊन टाकली: हॉल म्हणजे आमचा जुना वाडा, तळे, बीच जातीची झाडे, हरणे आणि गळके छप्पर. स्वतःकडे ठेवले ते फक्त उत्तरेचे फाटकघर. फाटकघर म्हणजे दोन दगडी बुरूज आणि मध्ये कमान. कमानीखालून पूर्वी बग्ग्या जात. डाव्या बुरुजात निजायची खोली झाली, उजव्यात न्हाणी. स्वयंपाकघराला जागा उरली नाही, म्हणून पपांनी कमानीच्या दोन्ही तोंडांना दारे बसवली आणि मध्ये चूल मांडली. बसचा थांबा उत्तरेला, तळे दक्षिणेला. लोक पूर्वी कमानीखालून जात, ते आता माझ्या चुलीपुढून जातात. दक्षिण फाटकाने वळसा घालायचा तर दोन मैल पडतात, आणि यॉर्कशरचा माणूस कुठलीच गोष्ट उगाच खर्च करत नाही, पाय तर नाहीच नाही.

रविवारी अंघोळ करून मला न्हाणीतून निजायच्या खोलीत जायचे असते. तेव्हा मी गाउन घालून दाराशी थांबते, दोन्ही बाजूंना बघते आणि मगच माझे स्वयंपाकघर ओलांडते.

दाराशी पाटी आहे: पाय पुसा. दार लावा. भांड्यात डोकावू नका. एका वेळी दोनच कुत्री. सगळे पाटी वाचतात, "सॉरी" म्हणतात आणि भांड्यात डोकावतात.

अपवाद एकच, मिस्टर सग्डन. निवृत्त बसचालक. बायको वारल्यापासून तिची कुत्री पर्ल हिला घेऊन रोज अकराच्या सुमारास तळ्यावर जातात. ना "गुड मॉर्निंग", ना "सॉरी". सरळ आत शिरतात, चमचा उचलतात, माझे सूप चाखतात, "मीठ कमी," म्हणतात आणि चालू लागतात. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, पण इतका उद्धट माणूस पाहिला नाही.

आज उशिरा आले. सूप दोनदा गरम करावे लागले. कोळसा फुकट गेला.

६ ऑक्टोबर

विनिफ्रेड ऑडी आली. माझ्याच वर्गातली. हॉकीत मी कप्तान होते, ती राखीव. आता ती पदभ्रमण मंडळाची अध्यक्ष आहे आणि पायांत असे बूट घालते की जणू आल्प्स बसथांब्यापासूनच सुरू होतात.

"येऊ का गं?" दारातून म्हणाली.

"आलीच आहेस."

"फिलिपा, रागावू नकोस हं. आम्ही तुझ्या स्वयंपाकघरावर दावा लावलाय."

"कुठल्या भांड्यावर?"

"भांड्यावर नाही गं, वाटेवर! लोक वीस वर्षं इथून जातायत. म्हणजे ही वाट आता गावाची."

कायदा मला ठाऊक आहे. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे उजळ माथ्याने, कोणाला न विचारता गेले, तर ती वाट गावाची होते. विचारून गेले, तर ती मालकाची मेहेरबानी ठरते आणि मालकाचीच राहते. म्हणूनच पपा नाताळच्या दिवशी दोन्ही दारांना आडणा घालत. वर्षातून एक दिवस वाट अडवली की कोणाची टाप नव्हती हक्क सांगायची. पपा गेल्यावर मी ते सोडून दिले. नाताळच्या दिवशी दोन्ही दारे लावून आत बसणे मला वेळेचा अपव्यय वाटला.

"तू इथे आहेस तोवर ठीक आहे," विनी म्हणाली. "पण उद्या तू गेलीस म्हणजे?"

"मी कुठे जाणार आहे?"

विनीने आल्याच्या केकचे दोन तुकडे खाल्ले.

मी तिला साफ सांगितले: निकाल माझ्या बाजूने लागला की दुसऱ्याच दिवशी दोन्ही दारे चिणून घेईन. खिडकीतून ये-जा करीन, पण कमान माझी राहील. दुपारी गवंड्याला सांगूनही आले. तो म्हणाला, "दोन्ही दारं? मग तुम्ही बाहेर कशा येणार, मिस?" हा प्रश्न त्याच्या कामाचा नव्हता.

१२ ऑक्टोबर

पार्कचे नवे व्यवस्थापक मिस्टर पिकप आले. सभ्य माणूस, पण इतका सभ्य की त्याला कोणालाच 'नाही' म्हणता येत नाही, दोन्ही बाजूंना. दाव्याचा निकाल लागेपर्यंत नगरपालिका तटस्थ आहे, असे त्यांनी सांगितले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध पिवळा पट्टा रंगवायला दोन माणसे पाठवली.

"वाट असली तर एवढी असेल," पिकप म्हणाले. "नसली तर पट्टा पुसून देऊ. तुमचं टेबल जरा आत आलंय. म्हणजे टेबलाचे दोन पाय."

"टेबल माझ्या आजीचं आहे."

"अहो, टेबलाला आमचा काहीच विरोध नाही. फक्त पायांना."

आता मी टेबलाच्या अर्ध्या बाजूला बसून जेवते. दाराशी कचऱ्याची टोपली आली आहे. चुलीवर बाण रंगवला आहे: तळ्याकडे.

तिसऱ्या प्रहरी शाळेची सहल आली. मुलांच्या हातात प्रश्नपत्रिका होत्या. "या जागेतील सर्वांत जुनी वस्तू कोणती?" या प्रश्नाला तिघांनी माझे नाव लिहिले. मी शुद्धलेखन तपासून दिले. एकाने 'ऑल्डरशॉ' चुकवले होते.

१९ ऑक्टोबर

माझे वकील म्हणाले, जागेचा इतिहास नीट माहीत असलेला बरा. म्हणून तिकीट काढून हॉल पाहायला गेले. मी जन्मले त्या खोलीत आता चहाचे दुकान आहे. बशी तडकलेली होती.

मार्गदर्शक बाई सांगत होती, "या जिन्यावरून धाकटी मुलगी फिलिपा घसरून पडली आणि बालवयातच वारली."

"वारली नाही," मी म्हटले. "गुडघा फुटला होता."

"प्रश्न शेवटी विचारा, प्लीज."

"हा प्रश्न नाही. हा गुडघा आहे."

तिने मला कठड्याला हात न लावण्याची विनंती केली. बाकीची मंडळी वारलेल्या मुलीबद्दल हळहळत होती. एका बाईंनी डोळे पुसले. त्यांचा हिरमोड करण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तशीच निघाले. परत आले तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात नऊ माणसे पावसापासून आडोसा घेऊन उभी होती आणि कोणीतरी माझी किटली चढवली होती. "सॉरी, सॉरी," म्हणत सगळ्यांनी मला माझ्याच खुर्चीपर्यंत वाट करून दिली.

चहा बरा झाला होता.

२४ ऑक्टोबर

विनीला आपल्या दाव्यातली भेग सापडली आहे. "न विचारता" गेल्याचे साक्षीदार हवेत आणि तिच्या मंडळात न विचारता जाणारा एकही माणूस नाही. वीस वर्षे प्रत्येकजण दारात "येऊ का?", मध्ये "सॉरी" आणि जाताना "थँक यू" म्हणत आला आहे.

म्हणून आता सराव चालू आहे. सकाळी दहा सभासद ओळीने माझ्या स्वयंपाकघरातून गेले. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर, चेहरे लाल. विनी दाराबाहेर शिट्टी घेऊन उभी. पहिल्या फेरीत चौघांच्या तोंडून "सॉरी" निसटले. दुसऱ्या फेरीत एक गृहस्थ माझ्या पायावर पाय देऊन तसेच पुढे गेले. बीचच्या झाडांपर्यंत पोचले असतील नसतील, पांढरेफटक होऊन परत आले.

"मिस ऑल्डरशॉ, मला राहवत नाही. लागलं का हो?"

"हॅरोल्ड!" विनी ओरडली. "गेलास तू यादीतून!"

"जाऊ दे गेलो तर," ते म्हणाले. "माझी आई मला घरात घेणार नाही." त्यांचे वय सत्तर असावे. आईचे मला माहीत नाही.

मी विनीला म्हटले, की माझ्या घरात येऊन हा उद्धटपणा शिकवणे मला मान्य नाही. तुला सराव करायचा तर स्वतःच्या स्वयंपाकघरात कर.

"माझ्या स्वयंपाकघरातून कोणी जात नाही गं," विनी म्हणाली. मी दार लावले. ते लगेच उघडावे लागले, कारण दोघे आत राहिले होते.

३० ऑक्टोबर

विनीला साक्षीदार सापडला. अर्थात सग्डन.

आज ते चमचा हातात घेऊन उभे असताना मी विचारले, "तुम्ही माझ्याविरुद्ध साक्ष देणार, असं ऐकलं."

"ती बूटवाली म्हणते, अख्ख्या गावात न विचारता जाणारा मी एकटाच. म्हटलं असेन." त्यांनी सूप चाखले. "मीठ कमी."

"मी जिंकले तर दारं चिणणार आहे. तुम्हाला दक्षिण फाटकानं जावं लागेल."

"दोन मैल."

"हो."

"माझ्या गुडघ्याला विचारावं लागेल."

"तुमच्या गुडघ्याचा इथे संबंध नाही."

"नाही कसा? चालणार तोच." मग त्यांनी पर्लकडे बघितले. ती नेहमीप्रमाणे चुलीपुढे पसरली होती, पिवळ्या पट्ट्यावर आडवी. "हिलाही सांगावं लागेल. हिला वाटतं, आपण इथपर्यंतच येतो. तळं-बिळं हिला काही ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"ही इथून पुढे यायला तयार नसते, बाई. ओढून न्यावी लागते."

मी म्हटले, की कुत्रीला शिस्त लावणे मालकाचे काम आहे. ते म्हणाले, मालकीण गेली, आता शिस्त कोण लावणार. मग गेले. चमचा धुवून ठेवला होता. आधी कधी धुतला होता का, हे आठवत नाही.

५ नोव्हेंबर

फटाके. दर पाच नोव्हेंबरला गावभर उडवतात. पर्लला आवाज सहन होत नाही असे सग्डन म्हणाले होते. संध्याकाळी दार थोडे किलकिले ठेवले. चुलीचा धूर जावा म्हणून.

१४ नोव्हेंबर

सुनावणी झाली. सविस्तर लिहिते, कारण उद्या मला स्वतःलाच पटणार नाही.

सरकारी निरीक्षकांनी सुनावणी जागेवरच घ्यायचे ठरवले होते. दारात उभे राहून म्हणाले, "येऊ का आत?" मग स्वतःच दचकले आणि म्हणाले, "हे नोंदीत धरू नये." त्यांना सर्दी झाली होती. मी त्यांना चुलीजवळची खुर्ची दिली. पिकप पट्ट्यावर एक पाय आणि पट्ट्याबाहेर एक पाय ठेवून उभे राहिले, तटस्थतेसाठी. जाणारे-येणारे लोक मधूनच ओळीने जात होते आणि प्रत्येकजण निरीक्षकांना "सॉरी" म्हणत होता.

विनीने साक्षीदार उभे केले. पहिले गृहस्थ म्हणाले, "मी वीस वर्षं इथून जातोय. कुणालाही न विचारता."

"काही न बोलता?" निरीक्षकांनी विचारले.

"हो. म्हणजे, सॉरी तेवढं म्हणायचो."

"कशाबद्दल?"

"आत आल्याबद्दल."

निरीक्षकांनी लिहून घेतले. विनीने डोळे मिटले. दुसऱ्या बाईंनी शपथेवर सांगितले, की त्यांनी कधी परवानगी मागितली नाही, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असं बोलायला परवानगी आहे ना?" तिसऱ्यांनी माझ्यासाठी जॅमची बाटली आणली होती. एकामागून एक सगळे पडले. विनीच्या तोंडाकडे बघवत नव्हते. हॉकीतही ती अशीच बाकावर बसायची.

"माझा शेवटचा साक्षीदार, मिस्टर सग्डन," ती म्हणाली. "यांनी आजवर कुणालाही कशाबद्दलही सॉरी म्हटलेलं नाही."

सगळे दाराकडे बघू लागले. आणि त्या दारावर, ज्याच्यावर या माणसाने आयुष्यात बोटसुद्धा टेकवले नव्हते, तीनदा टकटक झाली.

"येऊ का आत, मिस ऑल्डरशॉ?"

टोपी हातात होती. केसांना पाणी लावून भांग पाडला होता. पाय पुसत होते. मला वाटले, यांना बरे नाही.

"या," मी म्हटले. दुसरे काय म्हणणार.

"मिस्टर सग्डन," निरीक्षक म्हणाले, "आज तुम्ही दार वाजवलंत. एरवी?"

"रोज वाजवतो."

"काय?" विनी किंचाळली.

"रोज वाजवतो, रोज विचारतो, बाई 'या' म्हणतात, मग मी येतो. कुणाच्या घरात असंच कसं शिरणार? मी काय रानात वाढलो?"

शपथेवर! माझ्या स्वयंपाकघरात! मी उभी राहिले. "हे साफ खोटं आहे. या माणसाने आजपर्यंत एकदाही दार वाजवलेलं नाही."

वकिलांनी माझी बाही ओढली. मी बाही सोडवून घेतली.

"वाजवलंय," सग्डन म्हणाले.

"कधीच नाही! सरळ आत येता आणि चमचा उचलता!"

"तुम्ही चमचा काढून ठेवता, म्हणून उचलतो."

"मी माझ्यासाठी काढून ठेवते!"

"दोन?"

"एक धुवायचा असतो!"

"बाई, तुम्हाला घर हवंय की नको? जरा गप्प बसा ना."

"माझ्या घरात मला गप्प बसायला सांगू नका! आणि पर्लला पट्ट्यावरून उठवा, कुणीतरी अडखळेल."

"ती तुमचं ऐकते. तुम्हीच उठवा."

"पर्ल," मी म्हटले. पर्ल उठली, टेबलाखाली जाऊन पडली. सूप उतू जात होते, म्हणून मी भांडे उतरवले. सग्डननी झाकण धरले. निरीक्षकांनी पेन खाली ठेवले.

"मिस ऑल्डरशॉ," ते म्हणाले, "तुमच्या लक्षात येतंय का, की तुम्ही म्हणता ते खरं असेल तर तुम्ही हरता?"

"माझ्या लक्षात सगळं येतं. पण खोट्यावर मला काहीही नको."

"आणि मिस्टर सग्डन, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर ही दारं उद्या बंद होतील आणि तुमची वाट जाईल?"

"हो, माहीत आहे."

"मग तुम्ही दोघं एकमेकांच्या बाजूनं का भांडताय?"

या प्रश्नाला अर्थ नव्हता. सग्डन झाकणाकडे बघत होते.

निरीक्षक बराच वेळ नाक शिंकरत राहिले. मग म्हणाले, वाट लोकांच्या वहिवाटीने गावाची होते. बाकीच्या लोकांनी दर वेळी विचारले आहे, त्यामुळे ती वहिवाट धरता येत नाही. न विचारता येणारा एकच इसम राहिला, मिस्टर सग्डन. परंतु आज जे डोळ्यांनी पाहिले, त्यावरून मिस्टर सग्डन यांना या स्वयंपाकघरापुरते 'लोक' म्हणता येणार नाही. दावा फेटाळण्यात येत आहे. आणि ते सूप मिळेल का?

मी वाढले. विनीलाही वाढले. तिने दोनदा घेतले आणि म्हणाली, "कप्तान नेहमी तूच गं." पिकपना पट्टा ताबडतोब पुसायचा होता, पण त्यावर माणसे उभी होती.

सग्डन कधी गेले ते कळले नाही. दक्षिणेच्या दाराने गेले नसावेत. पर्ल टेबलाखालीच होती. संध्याकाळी न्यायला आले, तेव्हा बाहेरूनच हाक मारली.

१५ नोव्हेंबर

गवंडी विटा घेऊन आला. मी त्याला सांगितले, की हवा दमट आहे, चुना धरणार नाही. तो म्हणाला, हवा गेली चारशे वर्षं दमटच आहे. पण आता माणूस आला आहे तर हात हलवत परत पाठवणे योग्य नाही. त्याच्याकडून झिजलेला उंबरठा नीट करून घेतला. दाराशी, जरा खाली, एक खुंटीही मारून घेतली. एखाद्याला कुत्रीचा पट्टा अडकवायचा असला तर. विटा इथेच ठेवून जा म्हटले. त्यांवर बसायला बरे पडते. लोक उभे राहून चहा पितात ते मला आवडत नाही.

१६ नोव्हेंबर

सग्डन आले. दार वाजवले. म्हणाले, "येऊ का आत, मिस ऑल्डरशॉ?"

"हे काय नवीन?" मी म्हटले.

"निकाल लागला ना. आता ही तुमची खाजगी जागा." पाय पुसले. टोपी हातात. चमच्याला हात लावला नाही. मीच सूप वाढून दिले. त्यांनी उभ्यानेच संपवले आणि म्हणाले, "छान झालंय. आभारी आहे."

दिवसभर डोके दुखत होते.

१७ नोव्हेंबर

पुन्हा वाजवले. पुन्हा "छान झालंय". विनीने मंडळाकडून न विचारण्याचा सराव करून घेतला, तो यांच्या बाबतीत बहुधा उलटा झाला आहे. असे किती दिवस चालायचे?

१८ नोव्हेंबर

आज सूप करताना मीठ अजिबात घातले नाही. वयोमानाने मीठ कमी केलेले बरे, असे कुठेतरी वाचले होते. दार दगड लावून सताड उघडे ठेवले, म्हणजे वाजवायला फळीच हाती लागू नये. नोव्हेंबरचा वारा आत येत होता. पिवळ्या पट्ट्यावर पाने येऊन पडली. चमचे दोन काढले. एक धुवायचा होता.

अकरा वाजता सग्डन उंबरठ्याबाहेर आले. हात वर केला. वाजवायला काही सापडले नाही. हात तसाच हवेत राहिला. तोंड उघडले, तेवढ्यात पर्ल त्यांना ओढत आत घेऊन आली आणि चुलीपुढे पसरली.

मी पाठ करून कांदा चिरत होते. चमचा उचलल्याचा आवाज आला. 

"बाई," ते म्हणाले, "हे सूप आहे की तळ्यातलं पाणी? मीठ नावाचा पदार्थ ऐकलाय का कधी?"

"पाय पुसा," मी म्हटले.

त्यांनी पुसले नाहीत.